आतून कडी असावी, बाहेरून कुलूप नको

मी, शेवंता खंडेराव पोळ, वय वर्षे बहात्तर, राहणार फरीदाबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर. कायद्याची भाषा कुठे लंगडली तर सांभाळून घ्यावं.

१. माझे पती कै. हवालदार खंडेराव यांनी पलटणीतून निवृत्त झाल्यावर बांधलेलं दोन खोल्यांचं घर मुलगा राजवीर याला. तो विकणार हे ठाऊक आहे. विकू दे. कडेचा मोकळा तुकडा मात्र त्यात धरू नये.

२. त्या तुकड्यावर एका संस्थेने मागच्या वस्तीतल्या बायकांसाठी संडास बांधले. संस्थेचे सुधन्वा सर मला करोल बागेत गणपतीच्या आरतीला भेटले होते. दिल्लीत मराठी बोलणारा भेटला की आपण आधी चहा टाकतो, मग नाव विचारतो. जागा तोंडी वापरायला दिली. मालकी आजही माझीच. फीत कापली, शाल-श्रीफळ झालं आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. पाहुणे आले की उघडतं, फोटो निघतात, पुन्हा लागतं. विचारायला गेले तर सर म्हणाले, "काकू, या बायका घाण करून ठेवतील. मग पाहुण्यांना काय दाखवायचं?" पानं वाढायची आणि पंगतीला दारात उभं करायचं, असली ही समाजसेवा.

३. शिलाई मशीन वस्तीतल्या देविकाला. ती माझ्याकडे शिवण शिकते. वर्षभर तिने माझ्या चहाला हात लावला नाही. मला वाटलं, मानी आहे. शेवटी रागावले, तेव्हा म्हणाली, "अम्मा, पिऊँगी तो जाना पड़ेगा." रुळांकडे अंधार पडल्याशिवाय जाता येत नाही, म्हणून दिवसभर घोटभर पाणीसुद्धा नाही. आता तिला सातवा महिना आहे. लघवीला जळजळ होते, डॉक्टरीणबाई म्हणतात भरपूर पाणी पी. कुठल्या तोंडाने पिणार?

४. वरील तुकडा नात स्वप्नाली हिच्या नावे, पण वस्तीतल्या बायकांसाठी, विश्वस्त म्हणून. माझी पोस्टातली ठेव सफाईला आणि टाकी उपसायला. अट एकच: दाराला आतून कडी असावी, बाहेरून कुलूप कधीही नसावं. स्वप्नालीला विचारलं, जमेल का? "बिल्कुल, आजी," म्हणाली. बापापेक्षा बरी निघाली.

५. सुधन्वा सरांना त्यांनी दिलेलं सन्मानचिन्ह परत. त्यांच्या अहवालात माझ्या फोटोखाली 'लाभार्थी' छापलं आहे. जागा माझी, आणि लाभार्थीही मीच. शाल मागू नये, ती गोधडीत गेली. माझी शोकसभा त्यांनी घेऊ नये. घेतलीच तर संडासासमोर फोटो काढू नयेत.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, असं उदयसिंह भावजी सांगतात. माझी हाडं चिवट आहेत आणि देविकाला तेवढं थांबता येणार नाही. म्हणून कुलपाचं काम आजच, माझ्या जिवंतपणी उरकलं. भावजींनी हातोडा घातला, तिसऱ्या घावाला निघालं. सरांना तसं फोनवर कळवलं आहे.

देविकाला यात वाटा असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती माझ्याशेजारी बसून चहा पीत आहे. दुसरा कप.

वाचून पाहिलं, पटलं, म्हणून सही केली.

शेवंता खंडेराव पोळ

आमच्यासमक्ष सही झाली:
१. उदयसिंह घाटगे, कै. खंडेरावांचे पलटणीतले सोबती
२. कुमुदिनी ताम्हणे, शेजारी, निवृत्त परिचारिका

फरीदाबाद, १७ फेब्रुवारी २०२५