फॉलच्या वहीतल्या बायका

आई, रविवारी मी वाचनालयात चारचौघांसमोर खोटं बोललो. तुझ्याबद्दल.

विषय होता हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारातल्या बायकांच्या रोजनिश्या. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण इंग्रजी अनुवाद शब्दकोश मांडीवर घेऊन दोन-दोनदा वाचलेत, तेव्हा बोलायचा हक्क माझाच. सांगितलं, की तिथले पुरुष कारभाराचं सगळं चिनीत लिहीत, आणि राणीच्या पदरी असलेल्या या बायका आपल्या बोलीत, आपल्या मनातलं. कुणाच्या बाहीखालून कोणकोणते रंग डोकावले, हेसुद्धा त्या टिपून ठेवत. कितींची तर खरी नावंही उरली नाहीत. कुणाची आई, कुणाची मुलगी, एवढीच ओळख. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुमच्या घरी कुणी लिहायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्या घरात पेन धरला तो मीच पहिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.

मला अजून दिसतं: पुंडलिकनगरच्या त्या खोलीत तू खिडकीशी बसलीयेस, मांडीवर कुणाची तरी साडी. फॉल लावायच्या आधी तू वहीत साडीचा रंग लिहितेस, शेजारी त्याच रंगाचा दोरा टाचतेस, आणि मग खाली बारीक अक्षरात: 'लिंबू रंग, वांगी काठ. सिल्लोडाहून आलेली नवी सून. माहेरची साडी हाय म्हणली. म्या सुई टोचली तसे तिनंच डोळे मिटले.' मी तेव्हा अठरा वर्षांचा, लई शहाणा. वही ओढून घेतली आणि रंगाखालचं सगळं लाल पेनानं आडवं खोडलं, पानामागून पान. "फॉलच्या वहीत रंग पाहिजे. हे पुराण कशाला?"

"आरं, साडी म्हणली की मला बाई याद येती," तू म्हणालीस. मग दात दोऱ्यावर ठेवून, तोडून, हसलीस. "बरं मास्तर. ऱ्हाऊ दे."

त्यानंतरच्या पानांवर नुसते रंग आहेत. लिंबू. मोरपंखी. राणी. बाई एकही नाही.

वाचनालयातून आलो तशी ट्रंक उघडून तुझी वही काढली. लाल रेघांखालचं सगळं अजून वाचता येतं. त्या दरबारातल्या बायकांच्या पंगतीत बसेल असं आहे, आणि हे मी लेक म्हणून नाही, वाचणारा म्हणून सांगतोय. येत्या रविवारी वही घेऊन जाईन, तुझी चार पानं वाचीन. रेघा कुणी मारल्या ते त्या मुलीनं विचारायच्या आधीच सांगीन.

हे पत्र मात्र वहीतच राहील. आणि एक. एका पानावर तू 'डाळिंबी' लिहिलंयस, टाचलेला दोरा चक्क गुलबक्षी आहे. मी पेनाचं टोपण काढलं होतं, आई. मग परत लावलं.