श्वासाच्या खुणा

४ ऑक्टो.
सुनंदाला जाऊन दीड महिना. मंडळाच्या समूहगानातले विनायकराव हरिशंकरपुरमहून आले. चहा नको म्हणाले, बराच वेळ बसले. गाणारी मंडळी मेमध्ये पुन्हा हंगेरीला गायला जाताहेत. सु.ची गाण्यांची वही हवी आहे, तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या बाईंना त्यातल्या खुणा लागतील. शोधतो म्हटलं. वही समोरच्याच कपाटात होती.
उठताना गेल्या वर्षीच्या तिथल्या हॉटेलातलं हिंदी माहितीपत्रक आठवून हसले. "झील में डूबने का समय सुबह नौ से पाँच. बच्चे आधे." सु. हसून हसून फुटपाथवर बसली होती म्हणे.
मला कधी सांगितलं नाही. मी स्टेशनवरून आणताना एवढंच विचारलं होतं, गरम पाणी मिळायचं का.

७ ऑक्टो.
वही उघडली. पत्रक आत चिकटवलंय. "हमारा रसोइया मक्खन में तलकर परोसा जाता है." खाली तिची पेन्सिल: वि. शाकाहारी, उपाशी राहणार.
हसू आलं. त्याचाच राग आला.
गाण्याच्या ओळींवर जागोजागी 'मी' आणि 'वि'.

९ ऑक्टो.
खासगी बाजारात भाजी घेताना मंडळाच्या कुमुदताई भेटल्या. त्या खुणांचं आडून विचारलं. म्हणाल्या, लांबलेला सूर तुटू नये म्हणून शेजारच्या दोघांनी ठरवून घ्यायचं. ज्याची खूण त्याने तिथे श्वास घ्यायचा, दुसऱ्याने सूर धरायचा. सहा वर्षं हे दोघं शेजारी.
एकतीस वर्षं मी तिच्या शेजारी झोपलो. ती श्वास कुठे घेते ते त्या माणसाला पाठ.
जेवलो नाही.

१२ ऑक्टो.
वि.चा फोन. वही सापडत नाही म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं. म्हणाले, "राहू द्या, भाऊसाहेब. त्या जागांवर आता मलाच दम पुरत नाही."
इंदूरला मनूला फोनवर सांगितलं. मुलगी आईवर गेलीय. "बाबा, देऊन टाका ना. उस कॉपी का अचार डालोगे क्या?"

१३ ऑक्टो.
दुपारी दार लावून पहिलं गाणं म्हणून पाहिलं. मला सूर नाही. 'मी' आलं तिथे थांबलो नाही, ओढून धरलं. 'वि'ला श्वास घेतला. तिसऱ्या ओळीत खोकला आला.
रविवारी पाचला तालीम. वही पिशवीत घातली. पत्रक तरी ठेवून घ्यावं म्हणून पुन्हा काढली, कोपरा उचलून पाहिला. डिंक पक्का आहे. ओढलं तर पान फाटेल, आणि पानामागे तीच तिसरी ओळ. वही पत्रकासकट परत पिशवीत.