दुकान वाढवलं

४ जून
द्वारका चौकातल्या आमच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर अखेर चालू झाला. नवी विकतची सिस्टीम त्याला दारातही उभं करेना. फुकटचं लिनक्स निमूट बसलं. सगळं मराठीत. ह्यांचा पहिला प्रश्न, "फुकट? मग खोट कशात आहे?" आयुष्यभर पंपांचे पार्ट विकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

६ जून
महिला मंडळात बोलायचंय, 'ओपन सोर्सची ओळख'. टिपणं काढतेय. एकाचा प्रिंटर सारखा अडकायचा. दुरुस्तीसाठी आतला कोड मागितला, मिळाला नाही. गडी चिडला, आणि कुणालाही उघडून बघता येईल, बदलता येईल असं सॉफ्टवेअर लिहायला बसला. पुढे फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं हौसेनं सिस्टीमचा गाभा लिहून नेटवर ठेवला. जगभरचे लोक भर घालत गेले. ह्यांना वाचून दाखवलं.
"म्हणजे पंप खोलून बघायची मुभा."
वाक्य ढापणार.

९ जून
सकाळी दुकान उघडलं तर कॉम्प्युटर रात्रभर चालूच. परवाही तेच. मी वैतागले. "एक बटण दाबायला काय होतं तुम्हाला?"
"त्यावर 'बंद करा' लिहिलंय. भर दुकानात दिवेलागणीला असलं म्हणतात का? दुकान वाढवतात."
मी आधी हसले. मग हसू आटलं. निखिल बंगळुरूहून दर फोनला हेच म्हणतो, बाबा, आता दुकान बंद करा. मीही मनातून लेकाच्याच बाजूची. ह्यांचे गुडघे, ती द्वारकेची गर्दी... पण गल्ल्यावर बसले की माणूस खुलतो, हेही रोज बघतेच की.

१० जून
भाषण झालं. पंपाच्या वाक्याला टाळ्या. एकीनं विचारलं, "आपल्यासारख्यांना खरंच काही बदलता येतं का?" ठोकून दिलं, येतं. घरी आल्यावर वाटलं, करून तरी बघू. मराठी भाषांतर करणाऱ्या मंडळींना लिहिलं: 'बंद करा'ऐवजी 'वाढवा' ठेवावं.

१३ जून
पुण्याहून भाषांतरवाल्या बाईंचं उत्तर. गोड नकार. 'वाढवा' आधीच आवाजासाठी आहे. लोक गाणं मोठं करायला जातील आणि मशीन झोपेल. बाईंचं चूक नाही. पण शेवटी लिहिलंय, तुमच्या मशीनवर हवा तो शब्द घाला, कुणी अडवणार नाही. दुसरा शब्द सुचला तर कळवा.
'आवरा' कसं वाटतं, ह्यांना विचारलं.
"ते तू रोज म्हणतेस. बटणानंही म्हणायला नको."

१५ जून
बरंच डोकं खाजवल्यावर फाइल सापडली. 'बंद करा'चं 'वाढवा' केलं. माझा एक शब्द, एका मशीनवर. शाळेतून रिटायर झाल्यापासून एवढा आनंद झाला नव्हता.
संध्याकाळी आवराआवर चाललेली, तेवढ्यात नामपूरकडचा एक शेतकरी धापा टाकत आला. "काका, दुकान चालू शे ना?"
"शे, शे. या." पंपाचा वायसर मिळाला, चहाही मिळाला.
तो गेल्यावर ह्यांनी चष्मा लावला, बटणावरचं वाचलं, आणि स्वतः दाबलं. पडदा काळा झाला. रोज गल्ल्याला करतात तसा त्यालाही नमस्कार केला. निखिलची बाजू मी तिथंच सोडली.
जेवताना त्याचा फोन. स्पीकरवर.
"बाबा, दुकानाचं काय केलं शेवटी?"
"वाढवलं."
निखिल ओरडलाच, "या वयात? अजून एक गाळा घेतला की काय?"
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच खुणावलं, राहू द्या.