छावणीतली ओटी

११ फेब्रुवारी
आले बाई एकदाची आष्टीकडच्या या माळावर! दुष्काळ म्हणून सोसायटीनं काढलेल्या चारा छावणीत आरोग्यसेविका. चहूकडे जनावरं, त्यांच्याजवळच पालं ठोकून राहिलेली माणसं, आणि शेणाच्या वासात मी, पाचव्या महिन्याचं पोट घेऊन! शेजारच्या पालातल्या छबुबाईंनी आल्या आल्या माझी दृष्ट काढली. लई गोड बाई. चहाही तसाच, चमचा उभा राहील असा.

१८ फेब्रुवारी
छबुबाईंची नात शिवकन्या तापली. दारातूनच पाहिलं. छाती-पाठीवर पाण्याचे फोड, काही नवे, काही सुकायला लागलेले. कांजिण्याच. मला लहानपणी आल्या नव्हत्या, आणि गरोदर बाईला त्या वाईट, म्हणून आत गेले नाही. नखं कापा, कॅलामाइन लावा, बाकीची पोरं लांब ठेवा, असं बजावलं. छबुबाई म्हणाल्या, नाव घिऊ नगा, देवीआई आलीय पोरीच्या अंगात, तिला कशाला औषध? घ्या! फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा, आणि पोरं रांगेनं तिच्या पाया पडायला. मी घसा फोडून सांगितलं. सगळ्या बायका हो म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी
दुपारी जाग आली तर खाटेभोवती बायका. शिवकन्या छबुबाईंच्या कडेवर. मी एवढी काळजी घेतली, म्हणून पोरीतल्या आईच्या हातानं माझी ओटी भरायला आलेल्या! ओरडले, पण खण-तांदूळ पदरात पडले होते. पोरीचे खाजवून ओले झालेले हात माझ्या पोटावरून, तोंडावरून फिरवले. बाळ गुणी निघंल म्हणाल्या. मायेनं हो, नुसत्या मायेनं. रडू आवरत नाही.

२५ फेब्रुवारी
आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा फोन. त्यांना त्याच दिवशी कळवलं होतं. कांजिण्या रोखायचं इंजेक्शन कुठंच मिळालं नाही. वाट बघा म्हणाले. रोज आरशात छाती बघते.

७ मार्च
ताप. छातीवर फोड. ओळखायला मला कुणी नको. गाडी मोकळी झाली की पाठवतो, म्हणाले डॉक्टर.

८ मार्च
दम लागतोय. लिंबाचा डहाळा आता माझ्या दाराला. माझ्या तापाच्या गोळ्या बायकांनी उचलून नेल्या, फोनही — आईसमोर असलं ठेवू नये म्हणे. पोरं पायाशी. हाकलते, तर आई कोपली म्हणून आणखी पाया —

९ मार्च
हॉर्न वाजला! छबुबाई ड्रायव्हरला सांगताहेत, आई अशी मधेच शीव वलांडत न्हाई, फोड सुकल्यावर आंघोळ घालून मग धाडतो. त्यानं हात जोडले — नारळ घेतला — ओरडतेय, आवाजच —
गाडी वळली.

छबुबाईंनी पोटावर हात ठेवला. हसल्या. आई शांत झाली, बाळबी निजलं म्हणाल्या.
सकाळपासून हललं नाही. अहो, हे निजणं न्हाई, छबुबाई, हे —