देवीचा तिरका डोळा

शुक्रवार, संध्याकाळी साडेसात

आजही ध्यान मोडलं. वर्गातल्या बाई सांगतात, मूर्तीच्या डोळ्यांवर नजर ठेवा, मन आपोआप थांबतं. कसलं थांबतंय! परवा चिंचेने घासताना देवीचा चांदीचा उजवा डोळा निघाला. ह्यांनी ड्युटीला जायच्या घाईत गमने चिकटवला, तो तिरका. तेव्हापासून देवी माझ्याकडे बघतच नाही. आतल्या खोलीकडे बघते.

आत सासूबाई. दुपारी तिसऱ्यांदा म्हणाल्या, खिचडी आळणी आहे, आणि माझ्या तोंडून गेलंच, "मग जा ना डोंबिवलीला, लेकीकडे! ती करील तुमचं." त्यांनी ताट सरकवलं. चारचा चहाही घेतला नाही. वर्षभर पलंगावरून उठता येत नाही, जाणार कुठे? आणि लेक तर फोनही करत नाही. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले ना मी?

आठला हे खोपटच्या एसटी डेपोतून येतील. त्या सांगतील का? की मीच आधी सांगू?

पुन्हा बसले. डोळा तिकडेच. नखाने सरळ करायला गेले, हलेना.

शेवटी उठले. खिचडी गरम केली, मीठ घातलं, आत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. न वळताच म्हणाल्या, "झालं तुझं ध्यान?"

मी भरवलं. सगळी खाल्ली.

आत्ता पातेलं घासायच्या आधी उरलेली चाखली. खारट झालेली, अगदी खारट. एक शब्द बोलल्या नाहीत.