शुक्रावरची दुसरी स्वारी

धुळे, ११ फेब्रुवारी १९४०

आला एकदाचा! नदीकाठच्या मैदानात हिलालचा सिनेमाचा तंबू लागला. ‘शुक्रावर स्वारी — भाग दुसरा’. तिकिटाच्या खिडकीवर अजून माझंच गेल्या वर्षीचं वाक्य चिकटवलेलं — “उड्डाणे नेत्रदीपक, संवाद गाळले असते तरी चालले असते.” आमच्या साप्ताहिकातल्या परीक्षणातलं, पहिल्या भागाच्या. येता-जाता वाचतो. शाळामास्तरला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळतो!

पहिल्या भागाचा लेखक कुणी परका होता. या भागाची कथा मात्र आमच्या मेहुण्याची, गिरधरची. यावलची केळीची बाग सोडून सिनेमा कंपनीत पळाला. सासऱ्यांचा, उखर्डू आबांचा, त्याला निरोप गेलाय — “जावाईबापूनं चांगलं लिह्यलं त राह्य तिकडेच. नाही त केयीले पानी द्याले घरी ये.” म्हणजे निकाल माझ्या हाती! तेव्हापासून ताटात रोज काहीतरी गोड असतं.

१२ फेब्रुवारी

पाहिला. देवा रे!

पत्र्याचं विमान उडतं. धूर. शुक्रावर उतरतं. पुन्हा धूर. तिथले लोक जरीचे झगे घालून फिरतात, बोलत कुणी नाही (ते एक बरं), आणि दर पाच मिनिटांनी त्यांचा एक डोंगर फुटतो. नायकाचा बाप पहिल्या रिळात आहे, मग नाहीच. गेला की काय? नायक रडतो — कशासाठी, कोण जाणे. शेवटी एका बाईशी लग्न लावतो. ती तोवर पडद्यावर आलेलीच नाही!

पब्लिक मात्र खूष. डोंगर फुटला की शिट्ट्या, फेटे हवेत. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, “आते कसं झकास शे!”

१३ फेब्रुवारी

लिहायला बसलो तर बायको, वच्छला, समोर येऊन उभी. “दोन शब्द गोड लिहिले त तुमचं काय जातं? पोऱ्याचा जीव आहे त्याच्यात.” म्हटलं, मेहुणा घरात, कागदावर नाही. वाक्य बरं झालं. परीक्षणातही घालावंसं वाटलं, पण आवरलं.

शेवट असा केला — “लेखक बहुधा पृथ्वीवरच राहिला असावा. तंबू तुडुंब भरतो, तो कथेसाठी खचितच नव्हे.” फार वेळ हसत होतो.

१५ फेब्रुवारी

छापून आलं. पहिल्या पानावर लढाई, तिसऱ्या पानावर मी. ताटात भाकरी आणि मीठ.

२२ फेब्रुवारी

यावलहून आबांचा सालदार आला, पुना नावाचा. परीक्षण आबांनी वाचून घेतलं, दोनदा. म्हणाले, “जावाईनं लिह्यलं म्हंजे खरंच असीन,” आणि पोराला बोलावणं धाडलं. वच्छला रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी

आज बाजारात हिलाल धावत आला. पायाच धरतो की काय वाटलं!

“मास्तर, तुमना उपकार शेतस! मांगला साले तुम्हीच लिखं व्हतं ना, बोलनं नको म्हनीसन? मी यंदा बठ्ठं बोलनं काढी टाकं. चार रिळं डबामा पडेल शेतस. गर्दी मावत नही!”

म्हणजे संवादांबरोबर अख्खी चार रिळंच कापलेली! म्हटलं, हिलालभाऊ, ती चार रिळं आज मला एकट्याला दाखवा.

रात्री

बाप मरत नाही. बाप त्या चार रिळांत आहे. केळीच्या बागेत मोट हाकतो. शुक्राची चांदणी दिसली की बैल थांबवतो, वर बघतो, पुन्हा मोट हाकतो. आबाच! डोक्याचं मुंडासंसुद्धा तसंच डावीकडे कललेलं. ती शेवटच्या लग्नातली बाई रोज त्याची भाकरी घेऊन येते.

मी रडलो. हिलाल म्हणाला, “देखा? म्हनीसनच काढं. रडाले पैसा कोन दी?”

२९ फेब्रुवारी

साप्ताहिकात खुलासा दिला. अर्धं पान मागितलं, चार ओळी मिळाल्या. उद्या यावल. आबांना सांगतो — चूक माझी, पोराला परत पाठवा.

यावल, १ मार्च

आबांनी सगळं ऐकून घेतलं. “मंग जाऊ द्या त्याले,” म्हणाले. एवढं सोपं! पळत बागेत गेलो. गिरधर गुडघाभर चिखलात होता. म्हटलं, चल, मोकळा झालास.

“कुठे जाऊ, दाजी? कंपनीच्या मालकांनी तुमचं परीक्षण वाचलं. कथेवाचून तंबू भरतो म्हटल्यावर खूष झाले. तिसऱ्या भागाला लेखकच नको म्हणाले.”

मी पाटातच उभा होतो.

“बाजूला व्हा दाजी. पाणी येतंय.”