ओगुरींच्या गाईंचं दूध

बेत्सुकाई, ९ नोव्हेंबर

चि. चिगुसास,
आईचे पुष्कळ आशीर्वाद.

गाई कुरणातून आत घेतल्या. तू पाठवलेले हातमोजे गोठ्यात वापरायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण थंडीने ऐकलं नाही.

काल कुमागाईकाका आले होते. तुझे बाबा गेल्यापासून आपलं सगळं दूध तेच घेतात आणि त्यांच्या चिजावर ‘ओगुरींच्या गाईंचं दूध’ असं आपल्या घराचं नाव छापतात. चहा झाला, मुळ्याचं लोणचं चावत बराच वेळ बसले आणि मग खाली बघत म्हणाले की वहिनी, यंदा तुमचं दूध धरत नाही, दही सैल पडतं. वसंतापर्यंत सुधारलं नाही तर मला दुसरा गोठा बघावा लागेल.

मला फार लागलं. सोयाबीनची पेंड लगेच वाढवली आहे. एवढी प्रथिनं पोटात गेल्यावर दुधात उतरायलाच हवीत. तू गाईंच्या खाण्याचंच शिकतेस म्हणून कळवलं, सल्ला मागते आहे असं समजू नकोस.

जेवण वेळेवर घे. माया आहेच.
तुझी आई, फुसाए


ओबिहिरो, १६ नोव्हेंबर

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागितला नाहीस, तरी सल्ला देते. पेंड कमी कर.

गाय खाल्लेली प्रथिनं जशीच्या तशी दुधात ओतत नाही. पोटात त्यांची अमिनो आम्लं सुटी होतात, रक्तातून कासेत जातात आणि तिथे दुधाचं प्रथिन नव्याने विणलं जातं. तू नक्षीचा स्वेटर विणतेस तेव्हा एका रंगाची लोकर संपली की बाकीचे गुंडे पडून असले तरी हात थांबतो ना, तसंच. उरलेली आम्लं यकृत मोडून टाकतं आणि ती मुतावाटे जातात. गोठ्यात डोळे झोंबतात असं फोनवर म्हणालीस, ते त्याचंच.

तेव्हा काय कमी पडतंय एवढं शोधायचं. मेथिओनिन नावाचं आम्ल असावं. त्याची पूड पाठवते. तिच्यावर वेष्टण आहे, नाहीतर पहिल्या पोटातले जंतूच ती फस्त करतील. आमचे सर हसले. म्हणाले, प्रयोगाला घरच्याच गाई धरल्यास का, फसलं तर सुट्टीत जेवायला मिळायचं नाही.

तुझी, चिगुसा


बेत्सुकाई, २० डिसेंबर

चि. चिगुसास,
अनेक आशीर्वाद.

पेंड कमी केली, पूड घातली. गोठ्यातला उग्र वास गेला आणि धारही घटली नाही, एवढं यश तुझ्या पदरात. पण दूध तसंच आहे. कुमागाईकाकांकडे जाऊन मी स्वतः दह्यात सुरी घातली. काप सुबक पडला नाही.

शेजारची हात्सुए म्हणाली, मुलीला शिकायला आपल्याच गाई दिल्यास होय. मी म्हटलं, तुझ्या तर नाही ना मागितल्या.

तू मात्र फोनवर रडलीस ते मला आवडलं नाही. गाई रुसलेल्या नाहीत, मीही नाही. नववर्षाला ये आणि पुढचं बघ.

तुझी आई


ओबिहिरो, ३ फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार, आणि गाईंनाही.

सापडलं. सुट्टीत तू दावं धरलंस आणि मी रक्त काढलं, त्याची तपासणी झाली. मेथिओनिन भरपूर आहे, कमी आहे ते हिस्टिडिन. आमची पुस्तकं मका खाणाऱ्या गाई धरून लिहिलेली. आपल्याकडे थंडीत मका पिकत नाही, आपल्या गाई मुरघासावर, म्हणजे दाबून आंबवलेल्या गवतावर. अशा गाईंना बऱ्याचदा हेच आधी अपुरं पडतं. सरांनी तपासणीचा कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, मीही मेथिओनिनच म्हटलं असतं. मग त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावून तो दाखवला. तू तिथे हवी होतीस.

नवी पूड आमच्याच प्रयोगशाळेत केली आहे, सोबत पाठवते.

आणखी एक. कुमामोतोच्या संशोधन केंद्रात मला जागा देतायत. लांब आहे, म्हणून अजून होकार दिलेला नाही.

तुझी, चिगुसा


बेत्सुकाई, २८ एप्रिल

चि. चिगुसास,
आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

दूध धरलं. कुमागाईकाका कोवळं चीज फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन आले. स्वयंपाकघरात कापलं, सुरी स्वच्छ बाहेर आली. आता दुसऱ्या गोठ्याचा विषय नको म्हणाले. काय केलंत असं विचारलं, तेव्हा मी कासेचं, आम्लांचं सगळं सांगितलं. मग सोसायटीच्या सभेत सांगितलं, दुकानात सांगितलं. शेवटी हात्सुए म्हणाली, कळलं बाई, तुझ्या चिगुसाने केलं. आणि हळूच विचारते, आमच्या गाईंचं रक्त कधी बघेल ती.

बर्फाच्या ओझ्याने फाटकावरची पाटी मोडली. तिच्यावर बाबांचं नाव होतं. सुताराने विचारलं, आता तुमचं एकटीचं लिहू का. मी म्हटलं, दोन लिही, फुसाए आणि चिगुसा. याचा अर्थ तू परत यायलाच हवंस असा काढू नकोस. कुमामोतोला जा. तिथे आधी गाईंच्या गव्हाणीत काय आहे ते बघ, पुस्तक मग उघड.

पाटी कालच लावली. दूधगाडीवाला गाडी थांबवून वाचत होता. दुसरं नाव कुणाचं ते त्याला ठाऊक आहे, तरी मी बाहेर जाऊन सांगितलं.

असाच जीव लावत राहा.
तुझी आई, फुसाए